ऑइलची पाळी

आमच्या घरच्या गाडीला एकच नियम होता. गाडी जो नेईल त्यानं परत आणताना डिझेलचा काटा होता तिथं आणून ठेवायचा. नियम वडिलांनी घातला. गाडी आम्ही तिघा भावांनी मिळून घेतली तेव्हा ते हयात होते, आणि तिघांत एक गाडी म्हणजे घरात भांडण आणून बांधलं, असं गावात बोललं जात होतं. वडिलांनी किल्ली ओसरीवरच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "कोन किती फिरला ते कुनी कुनाला इचारायचं न्हाई. काटा बोलंल काय ते."

इनामगावच्या पुढं घोड नदीच्या काठाला आमचं गाव. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि धाकटा भाऊ गावी शेती बघतात. मी मधला. शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी करतो. गाडी डिझेलची, सात जण बसतील अशी. ती कायम गावीच असे, कारण गरज तिथं जास्त.

नियम सगळ्यांनी पाळला. भावकीतल्या कुणी लग्नाला नेली तरी तो पंपावरून होऊनच गावात शिरायचा. धाकटा काटा रेघभर वरच ठेवी आणि तो ठेवतो म्हणून दादा त्याहून वर ठेवत. बाकीच्या गोष्टी न बोलता ठरत गेल्या. पंक्चर ज्याच्या हातात झालं त्यानं काढायचं, चिखल ज्यानं आणला त्यानं धुवायचा. राहिलं ते इंजिनातलं ऑइल. डिझेल किती जाळलं ते नेणाऱ्याला दिसतं. ऑइल कुणा एकाच्या फेरीत खराब होत नाही. प्रत्येकाच्या फेरीत थोडं थोडं होतं, आणि म्हणून ते कुणाचंच नसतं. वडील होते तोवर ते स्वतः गाडी शिरूरला आणत, माझ्याकडे जेवत, गॅरेजवाल्याच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसत आणि जुनं ऑइल थेंब थेंब गळून संपेपर्यंत उठत नसत. त्यांच्यामागं ही पाळी कुणाची, हे ठरलं नाही. काही ठरवायचं राहिलं आहे, हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात आलं, कारण माझं पोट त्याच कामावर चालतं. कारखान्यात मशीन उत्तम चाललेलं असतं तेव्हाच आम्ही त्याचं ऑइल बदलतो. चाललेलं मशीन थांबवतो म्हणून उत्पादन विभागाचे लोक शिव्या घालतात. त्या ऐकून घेणं हाही माझ्या कामाचा भाग आहे. लोकांना वाटतं ऑइल म्हणजे नुसतं वंगण. प्रत्यक्षात ते इंजिनातली काजळी, झिजलेल्या धातूचा बारीक कीस, ओलावा, सगळं स्वतःच्या पोटात घेत असतं. पोट भरलं की घेणं थांबतं, आणि मग तीच घाण इंजिनात बसायला लागते. गाडीच्या पुस्तकात दर दहा हजार किलोमीटरला बदला असं लिहिलेलं असतं. त्याच्यापुढं बारीक अक्षरात किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असंही लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

वडील गेल्यानंतरच्या दिवाळीत मी गाडी शिरूरला नेली. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, कारखान्यातल्या सवयीनं नव्या फिल्टरवर पांढऱ्या पेननं तारीख टाकली. काटा जागेवर आणला आणि गावी जाऊन किल्ली खिळ्याला लावली. दादा जेवत होते. त्यांना सांगितलं.

"आमाला इचारलं असतंस तर आमी काय न्हाई म्हनलो असतो?" ते म्हणाले.

"विचारण्यासारखं काय दादा, गाडीला ते लागतंच."

"व्हय. आन् आमाला ते कळत न्हाई." मग धाकट्याकडं पाहून म्हणाले, "उद्यापास्नं बैलाचं खूर बी शिरूरवरनंच बघून येतील."

धाकटा हसला. मीही हसलो. पुढं एकदा मी सुचवलं की ज्याचे किलोमीटर जास्त त्याच्याकडे ऑइलची पाळी, असं लावून टाकू. दादांनी ताटावरून मान वर केली. "भावाभावात किलोमीटर मोजायचं, म्हंजी वाटनीच म्हन की सरळ." वाटणी हा शब्द निघाला की आमच्या ओसरीवर सगळे गप्प होतात. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतरच्या वर्षी वहिनींचं सुरू झालं.

वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो आणि इंग्रजीत नापास होत होतो, हे त्या माझ्या मुलांना अजून रंगवून सांगत. मधुमेह बरीच वर्षं होता. मग दोन्ही मूत्रपिंडं गेली आणि डायलिसिसवर आल्या. केंद्र दौंडला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. गावातून निघायचं, भीमेवरचा पूल ओलांडून दौंडला जायचं, चार तास मशीनवर आणि परत. गाडी दादा चालवत. शनिवार-रविवार सलग दोन दिवस मशीन नाही, म्हणून सोमवार सगळ्यांत जड. सोमवारी सकाळी त्यांना आडवं झोपता येत नसे. उशा लावून बसून राहत. पाय सुजून चपलेत जात नसत. शरीरात साचलेलं पाणी काढायला दुसरा मार्ग नव्हता. त्या मशीनपर्यंत पोहोचणं म्हणजेच त्यांचं जगणं होतं, आणि पोहोचायला ती गाडी होती.

मशीनवरून उठल्या की त्यांना भोवळ यायची. एकदा उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत बसल्या आणि पूल येईपर्यंत उलट्या करत राहिल्या. तेव्हापासून दादा त्या बाहेर यायच्या आधीच इंजिन सुरू करून एसी लावून ठेवू लागले. आधी दहा-पंधरा मिनिटं. मग अर्धा तास. सिस्टर कधी लवकर सोडेल याचा नेम नाही म्हणून पुढं पुढं तासभर, दीड तास. एसीचं बटन वहिनींनी स्वतः एका जागी लावून घेतलं होतं. त्याहून गार झालं की हुडहुडी भरायची, कमी झालं की जीव घाबरायचा. त्या बटनाला कुणी हात लावायचा नाही, हा गाडीचा दुसरा नियम झाला.

हे मला कळलं तेव्हा मला राहवलं नाही. एका रविवारी ओसरीवर सगळे बसलेले असताना मी म्हणालो, "दादा, गाडी उभी असते तेव्हा किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण इंजिन चालू असतं. कारखान्यात आम्ही तास धरतो. त्या हिशेबानं आपल्या गाडीचं ऑइल कधीच संपलंय."

"म्हंजी एसी बंद ठिवू? हिला भोवळ आली तर काय ऑइल पाजू?"

"एसी बंद ठेवा असं कुठं म्हणतोय मी. ऑइल लवकर बदलू म्हणतोय."

"ऑइल हाय की अण्णा," धाकटा म्हणाला. "मी परवाच दांडी काढून बघितली. खुनंला बरोबर हाय."

"खुणेला असेल. रंग कसा होता?"

"डिझेलच्या गाडीचं ऑइल काळंच असतंय."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, आम्हाला वाटलं झोप लागली. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "माजं रगत आठवड्यातनं तीनदा धुत्यात. त्या गाडीचं वरसातनं एकदा तरी धुवा की. ती बी मलाच वढतीया."

सगळे हसले. दादा सगळ्यांत जास्त. "घे, वकील मिळाला तुला," ते मला म्हणाले. "न्हेऊ या गाडी."

गाडी न्यायचं ठरलं आणि तिथंच राहिलं. कारण आळस नव्हता. कारण असं की एका गुरुवारी, मशीनचा वार नसताना, वहिनींचा श्वास अडकला आणि त्यांना धावत दौंडला न्यावं लागलं. गाडी दारात होती म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून दादांनी गाडी शिरूरला पाठवायला साफ नकार दिला. "गाडी दारात पायजे," एवढंच म्हणायचे. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. गाडी इतकी गरजेची झाली होती की तिला अर्धा दिवसही सुटी देता येईना. कारखान्यात अशी मशिनं मी पाहिली आहेत. ज्यांच्याशिवाय एक तास चालत नाही तीच शेवटी सगळ्यांत वाईट मोडतात.

मग मी ठरवलं की गॅरेज नको, गावी जाऊन मीच बदलतो. शिरूरला पाच लिटर ऑइलचा डबा घेतला, फिल्टर घेतला, पाने पिशवीत टाकले आणि रविवारी गावी पोहोचलो. गाडी दारात नव्हती. भावकीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला घेऊन धाकटाच न्हावरे गावच्या दवाखान्यात गेला होता. बाळंतिणीला नाही कसं म्हणणार. अंधार पडायला आला तरी गाडी आली नाही आणि मला सकाळी कामावर जायचं होतं. डबा आणि फिल्टरचा खोका ओसरीवरच्या फळीवर ठेवला. तिथंच वहिनींची दौंडची पिशवी असे. तिच्यात चादर, रिपोर्टांची फाइल, बिस्किटं. घरी पोहोचल्यावर धाकट्याला फोन केला.

"खालचं बूच काढून जुनं सगळं गळू दे. मग फिल्टर बदल. मग हे नवं घाल."

"कळतंय की अण्णा. ट्रॅक्टरचं न्हाई का आपनच करत?"

ते खरं होतं. ट्रॅक्टरचं तो दरवर्षी करायचा आणि चांगलं करायचा. म्हणून मी निर्धास्त झालो. काही आठवड्यांनी दादांना फोनवर विचारलं, ते ऑइलचं झालं का.

"झालं. डबा बी रिकामा झाला."

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा तो डबा मी पाहिला. मधोमध कापून शेळीच्या पुढ्यात ठेवला होता आणि शेळी त्यातून पाणी पीत होती. पाच लिटरचा डबा रिकामा म्हणजे पाच लिटर इंजिनात गेलं. हिशेब बरोबर होता. मी चहा पिऊन परत आलो.

उसाचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडून पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो. रस्ता अरुंद. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही. पुढचं सगळं घडलं तेव्हा मी तिथं नव्हतो. दादांनी आणि वहिनींनी वेगवेगळं सांगितलं ते जोडून लिहितो आहे.

सोमवार होता. गाडीच्या समोरच्या फळीवर ऑइलच्या बुधलीचं चित्र असलेली एक लाल खूण असते. ती काही दिवसांपासून गाडी उभी असताना मिणमिणायची आणि पाय दाबला की जायची. एसीचा भार पडतो म्हणून होत असेल, असं दादांनी धरलं होतं. त्या दिवशी पुलाच्या अलीकडे ट्रॉल्यांची रांग लागली होती. गाडी पावलापावलानं सरकत होती. लाल खूण लागली ती लागलीच.

"अहो, ते लाल काय लागलंय?" वहिनींनी मागून विचारलं.

"ते लागतंया कवा कवा. पुढं गेल्यावर जातंय."

ते गेलं नाही. थोड्या वेळानं आत कुणी हातोडी मारावी तसा आवाज यायला लागला. दादांनी आधी खिडकीतून बाहेर पाहिलं, त्यांना तो ट्रॉलीच्या आकड्याचा आवाज वाटला. मग गाडीनं एक गचका दिला आणि बंद पडली. किल्ली फिरवली तर इंजिन हललंसुद्धा नाही. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. दादा उतरून त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "बाबा, आत पेशंट हाय." त्यानं हॉर्न थांबवला, पण रस्ता कुठून करून देणार.

पलीकडून येणारा एक दुधाचा टेम्पो कसाबसा वळवून घेतला. वहिनी पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि दादा मागं कॅनांत उभे राहिले. पोहोचले तेव्हा वहिनींची वेळ टळून गेली होती आणि त्यांच्या मशीनवर दुसरा रुग्ण घेतला होता. त्यात केंद्रातल्या लोकांची काही चूक नव्हती. बाहेर बसलेल्या प्रत्येकालाच ते मशीन तितकंच हवं असतं.

दादांचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. आधी म्हणाले, "गाडी बंद पडली." मग म्हणाले, "ती बाकड्यावर बसलीया."

मी रजा टाकून मोटारसायकलनं दौंडला गेलो. वहिनी बाकड्यावर पुढं वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसल्या होत्या. त्यांचा श्वास मला दारातूनच ऐकू आला. मला पाहून म्हणाल्या, "भावजी, आलात? आधी गाडीचं बघा. मी काय, बसलीया." संध्याकाळी एक मशीन रिकामं झालं आणि त्यांना चारऐवजी दोन तास मिळाले. तेवढ्यावर त्या घरी परतल्या.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून दौंडच्या बाहेरच्या एका गॅरेजला नेली. इंजिनाचं खालचं भांडं उघडलं त्या दिवशी आम्ही तिघंही तिथं उभे होतो. मेस्त्री तिशीतला, घाईतला माणूस. त्यानं भांडं खाली घेतलं आणि दादांना म्हणाला, "मामा, बघा."

गुऱ्हाळावर काहील करपली की बुडाला जो काळा थर धरतो तसा थर होता. मेस्त्रीनं बोट घातलं तर बोटाचा ठसा उमटून राहिला. ऑइल जिथून वर ओढलं जातं त्या जाळीत एक भोक मोकळं नव्हतं.

"ऑइल हुतं बरं का," तो म्हणाला. "भरपूर हुतं. वर चढत नव्हतं फकस्त." मग त्यानं फिल्टर फिरवून काढला आणि उजेडात धरला. "ह्यो कवाचा?"

फिल्टरवर पांढऱ्या पेननं तारीख होती. अक्षर माझं होतं. वडील गेल्यानंतरच्या दिवाळीतलं.

मी धाकट्याकडं पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "ते खोकं फळीवरच हाय अण्णा. वैनीच्या पिशवीमागं." मग सगळं सांगितलं. बूच काढून ऑइल गाळायचं तर गाडी दोन तास उभी ठेवावी लागणार. ज्या दिवशी तो ठरवायचा त्या दिवशी वहिनींचा चेहरा पाहून त्याचं धाडस व्हायचं नाही. तोवर दांडीवर पातळी खाली जायची. जुनं इंजिन, ऑइल पीत होतं. मग तो माझ्या डब्यातलं थोडं घालायचा. असं करत करत नवं ऑइल जुन्या घाणीवर पडत गेलं आणि डबा संपला. दादांनी त्याला ओतताना पाहिलं होतं. त्यांच्या लेखी काम झालं होतं.

"पन ऑइल बदलायचं कोन तुमच्यात?" मेस्त्रीनं विचारलं.

मग दादा म्हणाले, "आमच्यात नियम हाय. गाडी न्हेली की काटा जागेवर आनून ठिवायचा."

"कसला काटा?"

"डिझेलचा."

मेस्त्रीनं वाकून गाडीत पाहिलं. किल्ली फिरवल्यावर काटा वर चढला आणि जवळजवळ टोकाला जाऊन थांबला. "डिझेल हाय की मग," तो म्हणाला आणि हात पुसायला गेला.

इंजिनाचा क्रँक घासायला लेथवर गेला, बेअरिंगं मिळायला वेळ लागला, एक भाग पुण्याहून चुकीचा आला. त्या आठवड्यांत वहिनींना दौंडला न्यायची रोज नवी जुळवाजुळव. भाड्याची जीप कधी मिळे, कधी लग्नाला गेलेली असे. एकदा एसटीसाठी त्यांना फाट्यापर्यंत दुचाकीवर नेलं आणि त्या मधे बसल्या बसल्या एका अंगाला कलंडल्या. काही बुधवारी मी सहकाऱ्याची गाडी मागून शिरूरहून गेलो. काही बुधवारी मला जमलं नाही. शेवटी वहिनींनीच सांगून टाकलं, "बुधवारचं ऱ्हाऊ द्या. सोमवार आन् शुक्करवार पुरं. मानसं तरी किती पळवायची."

डॉक्टर म्हणाले असं चालणार नाही. दादांनी मान डोलावली. पण पुढचा बुधवार आला तेव्हा दारात वाहन नव्हतं.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा वहिनी ओसरीतून बाहेर आल्या, मागच्या दारातून आत बसल्या, एसीचं बटन जागेवर आहे का ते पाहिलं. पुन्हा तिन्ही वार सुरू झाले. ऑइल मी स्वतः ठरल्या वेळेआधी बदलत होतो आणि आता कुणी हरकत घेत नव्हतं. पण पायांची सूज पूर्वीसारखी उतरेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयावर ताण येऊन ते कमजोर झालं आहे.

उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी त्यांचा श्वास अडकला. गाडी दारात होती. काटा जागेवर होता, ऑइल नवं होतं, इंजिन अर्ध्या किल्लीला सुरू होत होतं. दादा खिळ्याची किल्ली घ्यायला उठले. किल्ली हातात घेऊन वळले तेव्हा धाकट्यानं त्यांना नुसता हात केला, की थांबा.

कारखान्यात मशीन मोडलं की आम्ही कारण शोधतो. हे का झालं, मग ते का झालं, असं मागं मागं जातो आणि शेवटच्या ओळीवर सही करतो. इथं ती ओळ मला मिळाली नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, अशा रुग्णांचं कधीही होऊ शकतं, कशामुळं ते सांगता येत नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. दादांनी मात्र मला विचारलं. दहावा होऊन पाहुणे गेल्यावर ओसरीवर आम्ही दोघंच होतो.

"तू हिशेबाचा मानूस. त्या चुकलेल्या बुधवारांनी हिचं किती दिस न्हेलं, सांग."

"ते निघत नाही, दादा."

"निघत न्हाई, का सांगत न्हाईस?"

निघत नाही हेच खरं आहे, पण ते मी काढून पाहिलेलं नाही हेही खरं आहे.

गाडी आता फार फिरत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दादा सकाळी किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसतात, इंजिन सुरू करतात आणि बराच वेळ तसेच बसून राहतात. किलोमीटर हलत नाहीत, ऑइल मात्र खराब होतं. मी आता तारखेवर बदलतो.

या थंडीत बदलायला गेलो तेव्हा दादा स्वतः घमेलं घेऊन आले. गाडीशेजारी पाट टाकून बसले आणि मी बूच काढल्यावर काळी धार पडताना पाहत राहिले. धार बारीक झाली, तुटली, थेंब पडायला लागले. मी बूच लावायला हात पुढं केला.

"थांब. अजून पडतंय," ते म्हणाले.

शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही थांबलो. धाकट्यानं फळीवरून तो खोका आणला. वहिनींची पिशवी अजून तिथंच आहे, तिच्यामागून काढला. दौंडच्या मेस्त्रीनं त्याच्याकडचा फिल्टर लावला होता, त्यानंतरच्या खेपांना मी शिरूरहून नवे आणत होतो, आणि हा कुणी उघडला नव्हता. धूळ पुसून मी तो बसवला. तारीख टाकायला पेन काढलं तेव्हा दादांनी ते मागून घेतलं आणि स्वतःच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात टाकली.

बूच लावून नवं ऑइल घातल्यावर ते गळतंय का पाहायला धाकट्यानं इंजिन सुरू केलं. लाल खूण लागली आणि विझली. समोरच्या जाळ्यांतून गार वारा यायला लागला. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. धाकट्यानं एसी बंद करायला बटनाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "त्याला हात लावायचा न्हाई."

धाकट्यानं हात मागं घेतला. इंजिन चांगलं चाललं होतं, खालून काही गळत नव्हतं. मी वाकून दोनदा पाहिलं.